पिना कोलाडा घरी करताना: सांगलीच्या स्वयंपाकघरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दोन-तीन वर्षांत नात्यातल्या, सोसायटीतल्या आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या माणसांनी मला हेच प्रश्न इतक्यांदा विचारलेत की आता एकदाच लिहून ठेवते. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, माहेर सातारा जिल्ह्यातलं, आई मूळची कोकणातली. ही शेवटची गोष्ट इथे सगळ्यात महत्त्वाची, कारण या पेयात रमपेक्षा नारळाला जास्त मान आहे.

पिना कोलाडा म्हणजे नक्की काय?

अननसाचा रस, नारळाचं घट्ट गोड दूध, रम आणि बर्फ. बस. मूळ स्पॅनिश उच्चार ‘पीन्या’कडे झुकतो, पण आपण पिनाच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. नावाचा अर्थ ‘गाळलेला अननस’. जन्म कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरचा. राजधानी सान हुआनमधलं कॅरिब हिल्टन हॉटेल सांगतं की त्यांच्या रामोन ‘मोनचितो’ मारेरो या बारटेंडरने १९५४ साली ते पहिल्यांदा केलं. त्याच शहरातलं बाराचिना रेस्टॉरंट म्हणतं, छे, आमच्याकडे, १९६३ साली. भांडण अजून मिटलेलं नाही. १९७८ साली पोर्तो रिकोने त्याला आपलं अधिकृत पेय जाहीर करून टाकलं.

प्रमाण सांगा, बाकी नंतर वाचतो.

एका उंच ग्लासाला रम ६० मिली, अननसाचा गाळलेला रस १०० मिली, नारळाचं गोड क्रीम ४५ मिली, फ्रीझरमध्ये गोठवलेल्या अननसाच्या फोडी एक मूठ, बर्फाचे चार-पाच खडे, चिमूटभर मीठ. शेवटी लिंबाचे चार थेंब.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ५० मिली रम, ५० मिली रस आणि ३० मिली नारळाचं क्रीम असतं. ते आपल्या जिभेला जरा कडक लागतं, म्हणून मी रस वाढवते. मीठ मात्र टाळू नका. खिरीत मिठाचा कण पडला की जे होतं तेच इथे होतं, गोडी नुसती गोड न राहता तिला कड येते.

नारळाऐवजी दूध किंवा साय घातली तर चालेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर माझ्या फजितीतून देते.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं, क्रीमी हवंय ना, मग घरात म्हशीच्या दुधाची एवढी जाड साय असताना नारळ कशाला खवायचा? ताजा अननस, साय, साखर, सगळं फिरवून जग भरून फ्रिजमध्ये ठेवला. पाहुणे मिरजेहून यायचे होते, ते आले दोन तास उशिरा. जग बाहेर काढला तर वर पाणी, खाली कण, आणि चव? कारलं परवडलं. जाऊबाईंनी एक घोट घेतला आणि फार सभ्यपणे म्हणाल्या, “वेगळं आहे हो.”

दोष सायीचा नव्हता. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही त्याचा हात असतो. दुधातलं केसीन तोडलं गेलं की जे तुकडे उरतात ते चवीला कडू असतात. पाच मिनिटांत पिऊन टाकलंत तर कळणार नाही. अर्ध्या-पाऊण तासाने नक्की कळेल. नारळाच्या दुधात प्रथिनं थोडी आणि स्निग्धांश भरपूर, म्हणून तिथे हा तमाशा होत नाही.

दूधच वापरायचं असेल तर अननस आधी शिजवा. पाच मिनिटं खदखदून उकळला की ते एन्झाइम मरतं. अननसाचा शिरा कडू का होत नाही, त्याचं कारण हेच. डबाबंद अननसही तापवलेला असतो, त्यामुळे तो दुधाला त्रास देत नाही. पपई आणि किवीतही अशीच एन्झाइमं असतात. त्या फळांना हाच नियम.

आणि व्हॅनिला आइस्क्रीम? ते घालून केलेला ग्लास लगेच प्यायचा असेल तर हरकत नाही. फक्त मग त्याला मिल्कशेक म्हणा.

नारळाचं दूध घरी कसं काढायचं? सोलकढीचं चालतं का?

पद्धत सोलकढीचीच, पण सोलकढीला आपण पातळ चालवून घेतो, इथे नाही. एक मोठा नारळ फोडा, पाणी बाजूला ठेवा. तो नारळ जून हवा, कानाशी हलवल्यावर पाणी डुचमळलं पाहिजे. खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका. पाठीची तपकिरी साल आली तर रंग मळतो आणि किंचित तुरटपणा येतो. आई विळीवर नारळ खवायची तेव्हा खोबऱ्याचा ढीग कसा पांढराशुभ्र पडायचा, आणि माझ्या ढिगात तपकिरी कुसळं असायची. तिने कधी काही म्हटलं नाही, फक्त माझा ढीग वाटणाला घ्यायची आणि तिचा सोलकढीला.

खवलेलं खोबरं मिक्सरमध्ये घालून एक वाटी कोमट पाणी घाला. गरम नको, गार तर मुळीच नको. कोमट पाण्याने तेलकट भाग सुटतो. दीड मिनिट फिरवा, पातळ सुती फडक्यात घालून पिळा. पिळताना फडक्याची गाठ पिरगाळत जा, शेवटचे चार चमचे सगळ्यात घट्ट असतात. हे पहिलं दूध. दुसऱ्या पाण्याचं दूध संध्याकाळच्या आमटीला.

पहिलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर जाड थर बसलेला असतो आणि खाली पातळ पाणी. थर चमच्याने अलगद उचला. एक वाटी थराला अर्धी वाटी साखर आणि मिठाची चिमूट घालून अगदी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी येऊ द्यायची नाही; नारळाच्या रसाची आमटी उकळली की कशी फाटते, तसंच हे फाटतं. गार झालं की बाटलीत भरा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. बिनसाखरेचं ताजं दूध मात्र दुसऱ्या दिवशीच आंबूस व्हायला लागतं.

एवढा खटाटोप नको, पॅकेटचं घेतलं तर?

घ्या. फक्त ‘कोकोनट मिल्क’ आणि ‘कोकोनट क्रीम’ यातला फरक बघा, दुसरं जाड असतं. बाहेरच्या कृतींमध्ये ‘क्रीम ऑफ कोकोनट’ लिहिलेलं दिसतं, ते तिसरंच. ते आधीच गोड केलेलं असतं. त्याच्या जागी साधं क्रीम घेतलंत तर साखर घालावी लागेल, नाहीतर पेय फिक्कं लागेल आणि तुम्ही कृतीला नावं ठेवाल. पावडरचा डबा घेतलात तर घटक वाचा, काही पावडरींत दुधाचं केसीन असतं.

माझ्या ग्लासात पांढरे कण का आले? नारळ खराब होता का?

नाही. जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. उन्हात ठेवल्याशिवाय तेल पडत नाही, कारण साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. फ्रिजमधलं नारळाचं क्रीम थेट बर्फावर ओतलं की त्यातलंही तेल तसंच थिजतं आणि मेणासारखे कण होतात. म्हणून क्रीम आधी बाहेर काढून ठेवायचं, खोलीच्या तापमानाला आल्यावर अननसाच्या रसाबरोबर एकजीव फिरवायचं, आणि मगच बर्फ व रम. क्रम एवढाच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या क्रमापाशी संपतात.

अननस कसा निवडायचा?

बुडाला नाक लावा. गोड वास आला तर घ्या, आंबूस दारूसारखा आला तर ठेवा. रंगावर जाऊ नका. अननस तोडल्यानंतर गोड होत नाही, आंब्यासारखी अढी घालून त्याचा उपयोग नाही. फार तर मऊ होईल. गाडीवाला साल काढून देतो तेव्हा डोळे नीट काढलेत का बघा आणि मधला दांडा वेगळा मागून घ्या. तो रसाला चालतो.

रस काढताना पाणी घालू नका. मध्यम अननसातून माझ्या हाताला चारशे मिलीच्या आसपास रस मिळतो. गाळायचा, नावातच आहे ते.

रम कोणती? ओल्ड मंक चालेल का?

पुस्तकी उत्तर: पांढरी रम. कारण तिची चव हलकी, रंग नाही, नारळाचा पांढरेपणा टिकतो.

माझं उत्तर जरा लांबचं आहे. वडील साखर कारखान्यात होते, त्यामुळे बालपण कॉलनीत गेलं. गळीत सुरू झालं की हवेत मळीचा वास भरून राहायचा, गोडसर, करपट, थोडा आंबूस. शाळेच्या दप्तरालासुद्धा यायचा. पुढे कितीतरी वर्षांनी काळ्या रमची बाटली पहिल्यांदा उघडली आणि मला एकदम कॉलनीतला पाण्याचा नळ आठवला. कारण रम त्या मळीचीच होते. साखर काढून उरलेली काळी मळी यीस्ट घालून आंबवायची, मग ऊर्ध्वपातन करायचं, लाकडी पिंपात मुरवायची. पांढरी रम बरेचदा कोळशातून गाळून तिचा रंग काढलेला असतो. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला रम परकी वाटायचं काही कारण नाही, एवढंच म्हणते.

तर ओल्ड मंक. ती बाजारात आली १९५४ साली, म्हणजे हॉटेलवाल्यांचा दावा खरा मानला तर ती आणि पिना कोलाडा एकाच वयाचे. तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव असते, नारळाशी छान जमते, पण पूर्ण ६० मिली तीच घातली तर रंग गढूळ चहासारखा होतो आणि अननस मागे पडतो. माझी तोड: मिक्सरमध्ये पांढरी रम ४५ मिली, आणि ग्लास भरल्यावर चमच्याच्या पाठीवरून १५ मिली ओल्ड मंक वर सोडायची. घट्ट कोलाड्यावर तिचा तांबूस थर तरंगतो, पहिला घोट मळीचा, दुसरा नारळाचा. महागडी मुरलेली रम यात घालू नका, नारळ तिला गिळून टाकतो.

एक हिशोब: क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे तीन ग्लास.

अननसाशिवाय दुसरी फळं घालता येतील का?

इथे खरी मजा आहे.

स्ट्रॉबेरी पहिली. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी सांगलीच्या बाजारात येते तेव्हा हे करायलाच हवं. हवाईकडे याला ‘लाव्हा फ्लो’ म्हणतात. मूठभर स्ट्रॉबेरी चमचाभर साखरेत ठेचून ग्लासाच्या तळाशी घाला आणि वरून तयार कोलाडा एका बाजूने हळू ओता. लाल रस कडेकडेने वर चढतो, पांढऱ्यात रेघा उमटतात. ढवळू नका, लोकांना आधी बघू द्या. घाटातून गाडीने आणलेली स्ट्रॉबेरी खोक्याच्या तळाशी हमखास दबून फुटते. ती फुटलेली फळं यासाठीच. धड, टवटवीत असलेली नुसती खा.

आंबा चालतो, पण तो शिरजोर आहे. अर्धा अननस, अर्धा आंबा असं केलंत तरी पाहुणे म्हणणार “मँगो शेक छान झालाय.” चार चमचे गर पुरे. सीताफळ मला फार आवडतं, मात्र बिया काढता काढता गटारी उलटून श्रावण लागेल. त्याचा गर मिक्सरमध्ये शेवटी दोन सेकंदच फिरवा, रवाळपणा राहिला पाहिजे, आणि बी एकही जाता कामा नये. फुटलेली बी कडू तर असतेच, शिवाय ती विषारी असते. चिकू आणि काळी रम ही जोडी सुरेख जमते, त्यात अननस नकोच.

द्राक्षं? तासगाव इतकं जवळ असून सांगते, नको. द्राक्षाचा रस पातळ, नारळापुढे त्याची चव राहत नाही. पण बेदाणा! मूठभर बेदाणा बुडेल एवढ्या रममध्ये दोन दिवस बरणीत भिजवा. टम्म फुगतो. चार दाणे ग्लासावर, बाकीचे येता-जाता संपतात.

आणि संत्र्याचा रस थोडा घालून वर जायफळ किसलंत तर त्याला ‘पेनकिलर’ म्हणतात. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या ‘सॉगी डॉलर’ नावाच्या बारचं हे पेय, १९७०च्या दशकातलं. बोटीवरून पोहत येणारी गिऱ्हाइकं ओल्या नोटा द्यायची, म्हणून बारचं नाव ते. पुरणात किसतो तेच जायफळ, तीच किसणी.

मिक्सर कोणता लागतो?

घरातलाच. बर्फाचे मोठे खडे घालून पातं बोथट करू नका. फडक्यात बांधून बत्त्याने ठेचून घ्या. भांडं मात्र हुंगून बघा. झाकणाच्या रबरी रिंगेत कालच्या खोबरं-लसूण चटणीचा वास दडलेला असतो आणि नारळाच्या दुधाला तो लगेच लागतो. रिंग काढून लिंबाच्या सालीने चोळा. बाहेरून बर्फ आणणार असाल तर निळसर बर्फ खाण्याचा नसतो, तो घेऊ नका.

साखरेऐवजी गूळ किंवा काकवी?

काकवी चालते, आणि कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली ताजी असेल तर फारच चांगली. चव काळ्या रमकडे झुकते. गूळ गारात लवकर विरघळत नाही, आधी विरघळवून गाळून घ्यावा लागतो. मधाचं मला नाही पटत.

रम न घालता करता येईल का? सासूबाईंना द्यायचंय.

येईल आणि चांगलं होतं. रस थोडा वाढवा, लिंबू थोडं वाढवा, शहाळ्याचं पाणी घाला. एकच नियम पाळा: रमचं आणि बिनरमचं कधीही एकाच भांड्यात किंवा एकसारख्या ग्लासांत नको. दिसायला दोन्ही सारखंच असतं. आमच्याकडे बिनरमचं स्टीलच्या पेल्यात, रमचं काचेत. पोरांनाही पाठ झालंय.

दहा-बारा जण येणार आहेत, आयत्या वेळी धांदल कशी टाळू?

अननस-नारळाचं मिश्रण सकाळीच करून ठेवा, रम न घालता. अननसाच्या फोडी आणि थोडं मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पाण्याच्या बर्फाऐवजी हे खडे वापरले की शेवटचा घोटही पाणचट लागत नाही. माणसं आली की तीन-तीन ग्लास फिरवा. रम मोजूनच घाला. ‘अंदाजे’ घालणारा भाऊ, मेहुणा, जो कोणी असेल, त्याला बर्फ ठेचायच्या कामावर बसवा.

हॉटेलातल्यासारखी चव का येत नाही?

नशीब समजा. हायवेवरच्या एका ठिकाणी मी मागवला तर एसेन्सचं सरबत आलं, वर लाल चेरी आणि कागदाची छत्री. नारळाचा पत्ता नाही. बिल मात्र नारळाच्या बागेचं.

सोबत खायला काय?

भडंग. गोड, गार, तेलकट घोटानंतर लसणीचं तिखट भडंग. दुसरं काही सुचवणार नाही.

परवाना लागतो का?

महाराष्ट्रात रमसाठी वय २५ पूर्ण हवं. बिअर-वाइनची २१ ची अट वेगळी. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. काढून ठेवावा. ड्राय डेच्या आदल्या दिवशीची दुकानासमोरची रांग तुम्ही पाहिली असेलच.

चव लागत नाही म्हणजे चढत नाही ना?

उलट आहे. रमची बाटली आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलीत जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं, आणि नारळ-साखरेने ते लपवलं. शरीराला एवढं निचरायला अडीच-तीन तास लागतात. ‘ज्यूससारखं लागतं’ म्हणत दुसरा ग्लास वीस मिनिटांत संपवणारे रात्री जिना चढताना सापडतात. गाडी चालवायची असेल तर रमचा ग्लास नकोच. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका ग्लासानेही ओलांडली जाऊ शकते. औषधं चालू असतील, मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील तर वरचं बिनरमचं उत्तर वाचा, आणि मधुमेहींनी तेही साखर बघून.

उरलं तर काय करू?

कुल्फीच्या साच्यात घालून गोठवा. रम जास्त असेल तर नीट घट्ट होत नाही, थोडा रस वाढवा. साच्यावर चिठ्ठी चिकटवा, ठळक अक्षरात, आणि फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात अगदी मागे ठेवा. आमच्याकडे ती चिठ्ठी ओलीने गळून पडली होती आणि सासरे उन्हातून येऊन दोन कुल्फ्या खाऊन झोपले. उठल्यावर विचारत होते, ही कुठल्या दुकानातली.